४० एकर माळ आणि विद्यापीठाचं उपकेंद्र: आराखडा कुठून सुरू करू?

रेघोटी

नमस्कार. मी पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिसिससाठी सरकारी विद्यापीठाचं उपकेंद्र घेतलंय. प्रकल्प काल्पनिक आहे, पण जागा खरी: शिरूरच्या पुढे आमच्या गावाचं गायरान, साधारण ४० एकर. मुरमाड जमीन, एका कडेला पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा, तीन बाभळी आणि एक लिंब. बाकी काही नाही.

केस स्टडी म्हणून गेले दहा दिवस सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जाऊन स्केचेस करतेय. ४११ एकरांचा परिसर. रोज सकाळी मेन गेटने आत जाते, मेन बिल्डिंगच्या समोर बसते, मग जयकर ग्रंथालय, खेर वाङ्मय भवन असं फिरत दुपारी अनिकेत कॅन्टीनला चहा. अडचण अशी की कागदावर काढायला घेतलं की मला त्यात आराखडाच सापडत नाही. मनोरा आणि त्यासमोरचं लॉन यांना एक शिस्त आहे, पण पुढे विभाग झाडांमध्ये कुठे कुठे विखुरलेत. एका इमारतीतून दुसरी दिसत नाही. आणि तरीही तिथं बरं वाटतं. का वाटतं ते मला मांडता येत नाही, आणि ज्यूरीसमोर 'बरं वाटतं' एवढं सांगून भागत नाही.

त्याच परिसरात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. तिथं उलट, प्रत्येक भिंत तिथेच का आहे ते कळतं. मग माझ्या माळावर मी कोणत्या वाटेने जाऊ? विखुरलेलं की एकत्र बांधलेलं? ज्यांनी विद्यापीठ वाढताना पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला खरंच गरज आहे.

जयकरवासी

मी वास्तुरचनेतला नाही, मराठवाड्यातून पीएचडीसाठी आलेला विद्यार्थी आहे. माझा दिवस चार ठिकाणांत जातो: होस्टेल, विभाग, जयकर आणि अनिकेत. चारही एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे दिवसात चांगलं चालणं होतं. सुरुवातीला कंटाळा यायचा. आता वाटतं, प्रबंधातली अडलेली वाक्यं मला टेबलावर कमी आणि त्या रस्त्यांवर जास्त सुटली. सर विभागातून निघाले की आम्ही दोघं-तिघं बरोबर निघतो. केबिनमध्ये जे विचारायला जीभ रेटत नाही ते चालता चालता विचारून होतं. वर वडाच्या फळांवर धनेश बसलेला असतो, सर थांबून दाखवतात आणि पुन्हा मुद्द्यावर येतात.

एकच मागणं: तुझ्या उपकेंद्रात वाचनकक्ष सगळ्यांत आधी बांध आणि तो रात्री उशिरापर्यंत उघडा राहील अशा जागी ठेव. गावाकडच्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं असतात. आमच्यासारख्यांना अभ्यासाला बसायची पहिली स्वतःची खुर्ची विद्यापीठातच मिळते. आणि एसटीचा थांबा गेटाला लागून हवा. मधे उन्हाचा एक किलोमीटर नको.

खडकीकर

रेघोटी, सकाळी तुझा प्रश्न वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. माझ्या नातीच्या वयाची असशील म्हणून एकेरी लिहितो, राग मानू नकोस. मी ७१ वर्षांचा. बांधकामावर सुपरवायझर म्हणून ३८ वर्षं काढली, त्यातली निम्मीअधिक शाळा-कॉलेजांच्या इमारतींवर. विद्यापीठात कधी नोकरी केली नाही, पण लहानपण खडकीत गेलं. रविवारी वडील आम्हा भावंडांना खडकीच्या बाजूने आत न्यायचे आणि सबंध आवार पायी फिरवून आणायचे.

तुला आराखडा सापडत नाही, कारण ते आवार विद्यापीठासाठी आखलेलंच नाही. ते गव्हर्नरचं पावसाळी घर. दापोडीचा जुना बंगला सोडून गणेशखिंडीत हे नवं घर १८६४ ला बांधायला काढलं, १८७१ ला पुरं झालं. जेम्स ट्रबशॉ हा वास्तुरचनाकार, गव्हर्नर बार्टल फ्रिअर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता, त्या तेजीच्या भरात हे काम निघालं. पावणेदोन लाख पौंड खर्च झाला, आणि उधळपट्टी म्हणून तेव्हाच त्यावर टीका झाली. मनोरा ८० फुटांचा. हे सगळं एका माणसाच्या राहण्यासाठी आणि बग्गीतून येणाऱ्या त्याच्या पाहुण्यांसाठी. माझी समजूत अशी की रस्ते वळणाचे आहेत ते म्हणूनच. पाहुण्याला घर एकदम दिसायला नको, झाडांतून थोडं थोडं पुढे यायला हवं. तू ज्याला 'बरं वाटतं' म्हणतेस त्यातला मोठा भाग या बागेचा आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या थिसिसमध्ये बसो न बसो. २२ जून १८९७ ला याच घरात राणीच्या राज्याच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ होता. तो आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रँड प्लेगचा अधिकारी. आणि त्याच वर्षी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या होत्या. म्हणजे शहर मरणाच्या छायेत होतं आणि या दिवाणखान्यात रोषणाई होती. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं, आता मेन बिल्डिंगसमोर त्यांचा पुतळा आहे. पदवीदानाच्या दिवसांत जाऊन बघ. गावाकडून आलेली पोरगी झगा घालून, आईवडलांना दोन बाजूंना उभं करून तिथं फोटो काढत असते. आई डोक्यावरचा पदर सारखा नीट करत असते. मला हे बघताना दर वेळी भरून येतं.

पुढे, १९४८ चा कायदा आणि १० फेब्रुवारी १९४९ ला विद्यापीठाची स्थापना. मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांनी पुढाकार घेऊन ही जागा विद्यापीठाला मिळवून दिली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. सुरुवातीला बारा जिल्हे हाताखाली होते. १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, तिकडचे जिल्हे गेले. १९९० ला जळगावचं विद्यापीठ झालं, जळगाव-धुळे गेले. राहिले पुणे, नगर, नाशिक. जिल्हे कमी झाले पण कॉलेजं आणि विद्यार्थी वाढतच गेले. एका माणसाच्या घरात आणि बागेत एवढं मोठं काम बसवायचं होतं, आणि तेही एका दमात नाही. सरकारी विद्यापीठ कधीच एका दमात बांधलं जात नाही. अनुदान येतं, एक इमारत उभी राहते. पुढचं अनुदान येईपर्यंत कुलगुरू बदललेले असतात, बांधकामाचे दर बदललेले असतात, कधी कधी विषयसुद्धा नवा असतो. विखुरलेपणाचं एक कारण हे.

म्हणून माझा पहिला सल्ला: तुझा आराखडा पूर्ण झालेला दाखवू नकोस. दोन इमारती झाल्या आणि पुढची आठ वर्षं पैसा आला नाही, असा एक कागद काढ. त्या आठ वर्षांत मुलं कुठून चालतील, कुठे सावलीला बसतील, संडास कुठे, पाणी कुठून येईल. त्या कागदात जर जागा अर्धवट, उघडीबोडकी दिसत असेल तर आराखडा चुकला समज. मी आयुष्यभर असे अर्धे कॅम्पस पाहिलेत. मधोमध भव्य चौक सोडलेला आणि चौकाच्या एकाच बाजूला इमारत. बाकी तीन बाजूंना घाणेरी माजलेली.

दुसरा सल्ला माझ्या हातून घडलेल्या चुकीतून देतो. १९९४ ची गोष्ट, गाव आणि संस्था सांगत नाही. कॉलेजच्या आवारात नवं होस्टेल चाललं होतं. ड्रेनेजची लाइन नकाशावर सरळ रेघेने गेलेली, आणि प्रत्यक्ष जागेवर त्या रेघेत मोठा वड. नकाशात वड नव्हताच. सर्व्हे करणाऱ्याने तो टिपलाच नव्हता. मी साहेबांना विचारलं, त्यांनी सांगितलं की लाइन हलवली तर उतार बदलतो, मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. मी गप्प बसलो. चर खणायला सहा माणसं लावली. मांडीएवढी जाड मुळं निघाली. टिकावाने तुटेनात म्हणून कुऱ्हाड आणली. पांढरा चीक चराच्या तळाशी साचला आणि त्यावर माती चिकटून घट्ट साय धरली. संध्याकाळी पाइप बसले, चर बुजला, वर बघितलं तर झाडाला काही झाल्यासारखं दिसत नव्हतं. दोन पावसाळे तो उभा राहिला. तिसऱ्या वर्षी जुलैत रात्री त्या बाजूने उपटून सायकल स्टँडवर पडला. रात्र होती म्हणून कोणी सापडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या जागी पत्र्याची शेड टाकली. त्या शेडखाली परीक्षेच्या आधी उजळणी करत बसलेलं मूल मी कधी पाहिलं नाही. पत्रा तव्यासारखा तापायचा.

तर पहिल्या कागदावर एकही इमारत काढायची नाही. झाडं काढायची: प्रत्येकाच्या बुंध्याचा घेर मोजून, फांद्यांचा पसारा जिथपर्यंत तिथपर्यंत गोल. तुझ्याकडे चारच झाडं आहेत, पण चारही काढ. त्या गोलाच्या आत चर नाही, पाइप नाही, फरसबंदी नाही. मग पाणी. एका मोठ्या पावसात छत्री घेऊन ओढ्यावर उभी राहा, पाणी कुठून येतं आणि कुठे रेंगाळतं ते बघ. काठावरच्या बाभळीला अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते मोज. ती पुराची खूण आहे, जोतं त्याच्या बरंच वर हवं. मग पायवाटा. गायरान आहे म्हणतेस, म्हणजे गुरं जात असणार आणि बाया पाण्याला, शेताला जात असणार. त्या वाटा शेकडो पावलांनी आखलेल्या असतात आणि चढ टाळून गेलेल्या असतात. तुझा मुख्य रस्ता त्यातल्याच एखाद्या वाटेवर येतो का ते बघ.

कोल्हापूरला नक्की जाऊन ये. शिवाजी विद्यापीठ सागरमाळावर आहे, ८५३ एकर, नावाप्रमाणे माळच. तिथे तळी आणि विहिरी करून पावसाचं पाणी आवारातच धरलं. तुझी जागा पुण्याच्या विद्यापीठापेक्षा त्या जागेच्या जवळची आहे. गव्हर्नरची तयार बाग तुला मिळालेली नाही, तुला सावली आधी पेरावी लागेल. थिसिसमध्ये पहिल्या टप्प्यात इमारतीच्या आधी रोपवाटिका आणि नालाबंडिंग, म्हणजे ओढ्यावर पाणी अडवणारे छोटे बांध, दाखव. परीक्षक विचारतील, त्यांना सांग की इमारत दोन वर्षांत होते, वडाला तीस लागतात.

चुना-वाळू

खडकीकर काका, हात जोडून नमस्कार. मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे. विखुरलेलं की एकत्र, याबद्दल थोडं लिहितो.

आयुका चार्ल्स कोरियांचं काम. संस्था १९८८ ची, डॉ. जयंत नारळीकर संस्थापक संचालक. तिथल्या भिंतीजवळ जाऊन हात लावून बघ. आधी इथलाच काळा पाषाण, खडबडीत. मग त्याहून काळा कडप्पा, आणि वर काळा चकचकीत ग्रॅनाइट, ज्यात आकाश आणि ढग दिसतात. खगोलशास्त्राच्या संस्थेसाठी दगडानेच आकाश खाली आणलंय. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन हे पुतळे, आणि याच आवारात पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फुकोचा लंबक. पण हे लक्षात घे की ही एका संस्थेची इमारत आहे, काय हवंय हे ठरलेलं होतं. उपकेंद्राचं तसं नसतं. दहा वर्षांनी तिथे कोणता विभाग येईल हे आज कोणालाच सांगता येत नाही.

एकत्र बांधणीसाठी आयआयटी कानपूर बघ. अच्युत कानविंदे, आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे, त्यांनी आखलेली. ग्रंथालय आणि वर्ग मध्यभागी, त्यांना जोडणारे आच्छादित मार्ग, गाड्यांचे रस्ते वेगळे. उन्हात न उतरता एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाता येतं. तुझ्या माळावर पहिली पंधरा वर्षं झाडांची सावली मिळणार नाही, तोवर ही सावली बांधावीच लागेल. मी असं करेन: वाचनकक्ष, आठ-दहा वर्ग आणि कॅन्टीन एका व्हरांड्याने घट्ट जोडायचे, आणि त्या व्हरांड्याचं एक टोक उघडं ठेवायचं. पुढचं अनुदान आलं की व्हरांडा तिथून पुढे वाढेल. मुरूम खोदकामातूनच निघेल, तो रस्त्यांना वापर. नळ, वायरी, ड्रेनेज सगळं रस्त्याच्या एकाच कडेने ने, म्हणजे काकांनी सांगितलेला चर पुन्हा कोणी झाडातून काढणार नाही.

उंबरठा

मी कुबड्यांवर चालते, एमए करतेय. वर सगळ्यांनी चालण्याचं कौतुक केलंय, ते वाचून लिहावंसं वाटलं. लांब अंतराला माझी हरकत नाही. मलाही झाडांतून जायला आवडतं, मला फक्त वेळ जास्त लागतो. पण दर पन्नास मीटरला टेकायला कट्टा हवा, आणि तो पाठ असलेला, गुडघ्याच्या उंचीचा. फार खाली असला की उठताना दोन्ही कुबड्या एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने जोर लावावा लागतो, आणि ओल्या फरशीवर त्याची भीती वाटते.

रॅम्प एकास बाराच्या उताराचा हवा हे तुला कॉलेजात शिकवलं असेलच. तो इमारतीच्या मागे, कचराकुंडीशेजारून नको. मैत्रिणी समोरून पायऱ्या चढतात आणि मी वळसा घालून मागून येते, तेवढ्यात त्यांचं बोलणं पुढे गेलेलं असतं. सगळ्यांनाच एका उताराने वर ने. चुना-वाळू म्हणतात तो व्हरांडा एकाच पातळीत ठेवलास तर माझ्यासारखीला दिवसभर कोणाला हाक मारावी लागणार नाही. आणि पागोळ्या व्हरांड्याच्या फरशीवर पडतात तिथे गुळगुळीत टाइल कधीच नको. शहाबादी चालेल, पण पॉलिश न केलेली.

रेघोटी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, मी कट्टे काढले होते पण ते 'बसायला छान' म्हणून. कोणाला उठताना त्रास होईल हे डोक्यातच आलं नव्हतं. आता छेद काढून उंची लिहून ठेवलीय आणि रॅम्प मुख्य दारावर आणलाय.

काका, शनिवारी गावी गेले. आजीला घेऊन गायरानात फिरले. मला एकच पायवाट दिसत होती, आजीने चार दाखवल्या. एक म्हसोबाकडे जाते, एक जुन्या पाझर तलावाकडे, तो गाळाने भरलाय पण बांध शाबूत आहे. तो तलाव माझ्या नकाशात नव्हता. ओढ्याच्या बाभळीवर पालापाचोळा माझ्या छातीच्या उंचीला अडकलाय. मी तिथेच वर्गांची इमारत काढली होती, ती आता उचलून म्हसोबाच्या वाटेवर, वरच्या अंगाला नेलीय. पहिला कागद तुम्ही म्हणालात तसा बिनइमारतीचा केला. गाईड बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, आता यावर बोलता येईल.

अजून एक. घरी हे सगळं सांगत होते तेव्हा सरपंचकाका बसले होते. ते म्हणाले, उपकेंद्र येईल तेव्हा येईल, झाडं लावायला कोणाची मंजुरी लागते? पाझर तलावाच्या बांधाखाली वड लावायला ग्रामपंचायत तयार आहे. रोपं कुठून आणू? गुरं फिरतात, लहान रोपं टिकणार नाहीत.

खडकीकर

रोपं नकोत, फांद्या लाव. वड फांदीपासून येतो. मनगटाएवढी जाड, सहा-सात फूट उंच, सरळ फांदी घ्यायची. उंच असली की गुरांचं तोंड शेंड्यापर्यंत पोचत नाही. दीड-दोन हात खोल खड्डा, तळाला शेणखत, आणि वरचं कापलेलं टोक शेणमातीने लिंपून टाकायचं, नाहीतर ते वाळतं. पहिला चांगला पाऊस पडला की लगेच लावायची. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण कर, तारेपेक्षा ते बरं. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी घालणारं माणूस नक्की ठरवून ठेव.

आमच्या सोसायटीतल्या वडाची छाटणी जूनच्या सुरुवातीला असते. मी माळ्याला सांगून आठ फांद्या बाजूला ठेवायला लावतो. गावाकडून टेम्पो पाठवा, आणि ओली गोणपाटं बरोबर द्या, कापलेली टोकं वाटेत सुकायला नकोत.

रेघोटी

टेम्पो ठरला, काका. आजीसुद्धा येते म्हणतेय. तिला मनोरा बघायचाय, आधी विद्यापीठात जाऊन मग तुमच्याकडे येऊ.